नवरा साडेचार वर्षांच्या मुलाला फार वाईट बोलतो, काय करू?

कलमाखालची (देवगड)

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, काल रात्री झोपच लागली नाही म्हणून आज लिहितेच. लांब होईल, सांभाळून घ्या.

आम्ही देवगड तालुक्यात राहतो, घरची आंब्याची दीडशे कलमं आणि दोन बागा करारावर घेतलेल्या. घरात मी, नवरा, सासूबाई आणि आमचा बाबू, साडेचार वर्षांचा, अंगणवाडीत जातो. नवरा माणूस म्हणून वाईट नाही हे आधीच सांगते, दारू नाही, माझ्यावर कधी हात उचलला नाही, बाबूलाही कधी मारलं नाही. पण तोंड. रागावला की जे शब्द बाहेर पडतात ते लिहितानाही मला कसंतरी होतंय. "नालायक", "तुझो काय्येक उपयोग नाय", "जन्माक कशाक इलंस" हे आता जवळजवळ रोजचं झालंय. आणि कशासाठी, तर तांब्या सांडला, चप्पल उलटी घातली, हाक मारल्यावर लगेच आला नाही.

या वर्षी फार वाढलंय. थंडी नीट पडली नाही, मोहर उशिरा आला, मग फुलकिडे, फवारणीवर फवारणी, औषधाच्या दुकानात उधारी आणि एप्रिलमध्ये अवकाळी झोडपून गेला. करारावरच्या बागांचे पैसे तर आधीच मोजलेले असतात. मला त्याचं टेन्शन कळत नाही असं नाही, रात्री दोन-दोन वाजता उठून खळ्यात फेऱ्या मारतो तो, मी बघते ना. पण हे सगळं त्या एवढ्याशा पोरावर निघतं.

परवाची गोष्ट सांगते. माजघरात आंबे पिकायला पेंढ्यावर अढी घातलेली, दुसऱ्या दिवशी पेट्या भरायच्या होत्या. मोठी फळं एकीकडे, बारकी एकीकडे अशी लावून ठेवलेली. बाबूला वाटलं आपण बाबाला मदत करू, म्हणून तो अढीत शिरून आंबे उचलून एका बाजूला रचायला लागला, मोठे बारके सगळे एकत्र, चार-पाच फळं दबली. नवरा आत आला, बघितलं आणि फुटलाच. शेवटी म्हणाला, "तुझ्यापरास कुत्रो पाळलो असतो तर राखण तरी केल्यान असती."

बाबू रडला नाही. हातात एक आंबा होता तो छातीशी धरून तसाच उभा राहिला. नवरा बाहेर गेल्यावर माझ्याकडे आला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आई, हो खंयच्या बाजूक ठेवू?" मला काही बोलताच आलं नाही.

काल संध्याकाळी पडवीत मांजरीला बोट दाखवून म्हणत होता, "तुझो काय्येक उपयोग नाय, भायर जा." आवाज, बोट, मध्ये थांबणं, सगळं बापासारखं. शिवाय वर्षभर कोरडा होता तो आता परत अंथरूण ओलं करतोय. बाईकचा आवाज आला की खेळणी गोळा करून माझ्या मागे येऊन बसतो.

मी मध्ये पडले की आमचंच भांडण होतं, तेही त्याच्यासमोर, आणि मग "तूच लाडावून ठेवलंस". गप्प बसले तर मला स्वतःची लाज वाटते. सासूबाई म्हणतात बापाशीचो धाक होयोच. एकदा धीर करून म्हटलं की आपण दोघं कोणाशी तरी बोलूया, काउन्सेलर वगैरे, तर म्हणाला "माका काय रत्नागिरीक पाठवतंस?" इकडच्यांना कळेल तो काय म्हणाला ते. बाकीच्यांसाठी सांगते, रत्नागिरीचं मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळापासूनचं आहे, त्यामुळे आमच्याकडे रत्नागिरीला नेणं म्हणजे वेड लागलं असंच धरतात.

मला त्याला सोडायचं नाहीये. पण हे असंच चालू पण द्यायचं नाहीये. काय करू?

गुहागरची लेक

अगं ताई, तो आंबा हातात धरून उभा राहिला ते वाचून पोटात तुटलं.

माझ्याकडे हेच होतं, फक्त मुलगी आणि तिसरीत. माझी चूक सांगते म्हणजे तू करू नकोस. नवऱ्याचा आवाज चढू नये म्हणून मी घरभर पाट्या लावल्यासारखी वागायला लागले, "हळू बोल बाबा झोपलेत", "हे बाबांना सांगू नको हां", "बाबा यायच्या आत आवर". मला वाटायचं मी तिला वाचवतेय. झालं असं की ती सगळंच लपवायला लागली, वर्गात एक मुलगा तिला रोज चिमटे काढायचा तेही तिने मला चार महिने सांगितलं नाही, का तर घरात ओरडा होईल. तेव्हा मला कळलं की मुलीवर मी काय ओझं टाकलं होतं. बापाचा राग सांभाळणं हे पोराचं काम नाही ना गं.

त्या क्षणाला तू वाद घालू नकोस, तेव्हा तो ऐकण्याच्या परिस्थितीतच नसतो. सरळ बाबूला उचल आणि मागल्या दारी ने, जाताना एकच वाक्य बोल, हे असं त्याला बोलायचं नाही. त्याच्यापुढे भाषण नको. भांडायचं ते रात्री, तो जेवल्यावर, सासूबाई नसताना.

आणि बाबूला नंतर जवळ घेऊन स्पष्ट सांग. "बाबा वाईट आहे" असं नको, बाप त्याचा आहे आणि त्याला बाप हवाय. पण "बाबा थकलेत म्हणून बोलले, सोडून दे" हेही नको, मी तेच सांगायचे आणि मुलीला वाटायचं की थकलं की असं बोललं तर चालतं. "बाबा चुकीचं बोलले. तू नालायक नाहीयेस. तू मदत करत होतास, मी बघितलं." एवढं बास. लहान मुलाला आपण जे बघितलं ते आईनेही बघितलं हे कळणं फार मोठं असतं.

मालवणी गडी

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. आपल्याकडे शिवी म्हणजे बोलण्यातलं मीठ. माझी आजी मला "मेल्या" म्हटल्याशिवाय हाक मारायची नाही आणि तिच्याएवढं प्रेम माझ्यावर कोणी केलं नाही. शिमग्याला तर आपण देवासमोर बोंब मारतो. बाहेरच्या लोकांना वाटतं हे भांडतायत आणि आपण जेवलास का विचारत असतो. तर तुमचे मिस्टर तशातले असतील, सीझनचं टेन्शन आहे, मे संपला की शांत होतील. कोकणातला बागायतदार मार्च ते मे माणसात नसतोच. काउन्सेलर वगैरे एकदम टोकाचं वाटतं मला.

कलमाखालची (देवगड)

दादा, राग नाही. मी पण इथलीच, माझ्या माहेरी तर सासरपेक्षा जास्त शिव्या. माझे आजोबा बाबूला "रे चोरा" म्हणतात तेव्हा तो खिदळत त्यांच्या मांडीवर चढतो. बाप बोलतो तेव्हा तो श्वास रोखून धरतो. शब्द कुठला आहे ते मी बघतच नाहीये, पोर जवळ येतंय की मागे सरकतंय ते बघतेय. आणि मे संपल्यावर शांत होतील हे मी गेल्या वर्षी पण स्वतःला सांगितलं होतं. जूनमध्ये छपराच्या गळतीवरून सुरू झालं.

मालवणी गडी

हे तुम्ही बरोबर बोललात. माझ्या आजीच्या "मेल्या"ने मी कधी मागे सरकलो नाही. माझे शब्द मागे घेतो.

अंगणवाडीताई (राजापूर)

मी सतरा वर्षं अंगणवाडीत आहे, डॉक्टर नाही, पण या वयाची पोरं रोज बघते म्हणून लिहिते.

चार-पाच वर्षांच्या मुलाला आंब्याचा दर कळत नाही, करार कळत नाही, अवकाळी कळत नाही. घरात काही बिघडलं की ते माझ्यामुळे, असंच या वयात वाटतं. मोठ्या माणसाला "नालायक" म्हटलं तर तो म्हणेल हा आज डोक्यावर पडलाय, लहान मूल ते खरंच मानतं. कारण बोलणारा बाप आहे, आणि बापाला सगळं माहीत असतं. दुसरं म्हणजे तांब्या सांडणं, बोलावल्यावर लगेच न येणं हे त्या वयाचं काम आहे, स्वतःला आवर घालणारा मेंदूचा भाग पूर्ण तयार व्हायला विशी उलटावी लागते. तीस-पस्तिशीच्या बापाला आवरत नाही ते साडेचार वर्षांच्या पोराने आवरावं अशी अपेक्षा चाललीये.

अंथरूण ओलं होण्याबद्दल. पाच वर्षांच्या आत कधीमधी होणं यात काही नाही. पण बरेच महिने कोरडं राहून परत सुरू झालं तर एकदा डॉक्टरांना दाखवाच. लघवीचं इन्फेक्शन किंवा बद्धकोष्ठ असलं तरी होतं आणि मनावर ताण असला तरी होतं, आपण घरी बसून ठरवायचं नाही. आणि त्यावरून त्याला कोणीही, आजीनेसुद्धा, हिणवायचं नाही. चादर बदलायची आणि विषय संपला. अचानक अडखळत बोलायला लागला, खायचं सोडलं, खेळायचं सोडलं, स्वतःलाच मारून घ्यायला लागला तर थांबू नका.

"शिस्त लागायला हवी" म्हणणाऱ्या आजीला आणि बापाला एक विचारा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेत मुलाला मारायलाही बंदी आहे आणि मानसिक त्रास द्यायलाही. उद्या बाबू पहिलीत गेला आणि मास्तर त्याला म्हणाले तुझ्यापेक्षा कुत्रा बरा, तर हाच बाप शाळेत जाऊन टेबल आपटेल की नाही? मग मास्तरांना जे चालत नाही ते घरात कसं चालतं. माझ्या अनुभवात हा प्रश्न बापांना लागतो.

आणि तुम्ही एकट्या नाही आहात. केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने 2007 साली 13 राज्यांत मोठा अभ्यास केला होता, आपला महाराष्ट्रही त्यात होता. दर दोन मुलांमागे एकाने भावनिक छळ होतो असं सांगितलं, आणि त्यातल्या 83 टक्के प्रकरणांत तो करणारे आईवडीलच होते. आई पण त्यात आली, हे आपण सगळ्या बायकांनी लक्षात ठेवायचं. मी स्वतः माझ्या धाकट्याला काय काय बोललेय ते मला माहीत आहे.

रत्नागिरीचा विषय. मिस्टरांना कुठेही जायची गरज नाही. 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, घरातल्या माणसाच्या रागाला कसं तोंड द्यायचं हे विचारायला तुम्ही स्वतः फोन केला तरी चालतो. प्रत्यक्ष बोलायचं झालं तर जिल्हा रुग्णालय आहे, तुम्हाला ओरोस पडेल, मानसिक आरोग्याचा विभाग कुठल्या वारी चालू असतो ते आधी फोनवर विचारून जा म्हणजे हेलपाटा नको. मुलांसाठी 1098 आहे, बायकांसाठी 181. आज तुम्हाला त्याची गरज वाटत नसेल, पण उद्या हात उचलला, बाबूला घराबाहेर काढलं, तुम्हाला धमकी दिली, तर मग "माणूस वाईट नाही" करत बसू नका. घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा फक्त मारहाणीचा नाही, अपमान करणं, घालूनपाडून बोलणंही त्यात येतं आणि मुलासाठीही संरक्षण मागता येतं. हे भांडणात तोंडावर फेकायला सांगत नाहीये. तुमच्या पाठीशी काय आहे ते तुम्हाला माहीत असावं म्हणून.

हर्णैकर

मी सहसा लिहीत नाही. पण मी त्या बाजूचा माणूस आहे म्हणजे ओरडणारा, म्हणून लिहितो.

माझी बोट आहे. बोटीवर इंजिनच्या आवाजात ओरडल्याशिवाय कोणाला ऐकू जात नाही आणि जाळं ओढताना एकाची चूक झाली तर दुसऱ्याचं बोट जायचं, त्यामुळे तिथे तोंड चालतंच. तो आवाज घेऊनच मी घरी यायचो. मासळी नाही मिळाली, डिझेलचे पैसे अंगावर आले की घरात पाऊल टाकल्यापासून सुरू. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. मी तिला काय काय बोललो ते लिहीत नाही, तुमच्या मिस्टरांच्या शब्दांपेक्षा कमी नव्हतं.

एकदा बायको माहेरी गेली होती, तिकडे मयत झालं होतं म्हणून. घरात मी आणि मुलगी. सकाळी उठलो तर पोर चटईवर भिंतीला टेकून बसलेली. रात्री तिला उलट्या झाल्या होत्या, दोनदा. तिने स्वतःच्या फ्रॉकने जमीन पुसली होती आणि तो फ्रॉक घडी करून कोपऱ्यात ठेवला होता. मी दोन हातांवर झोपलेलो. विचारलं मला उठवलं का नाहीस गो? म्हणाली, तुम्ही ओरडला असता.

त्याला आता पाच वर्षं होतील. अजून रात्री मध्येच जाग येते आणि मी तिच्या खोलीत डोकावून येतो.

त्यानंतर सुधारलो असं नाही. त्यानंतर फक्त कळलं. सुधारायला वर्ष गेलं. बायकोने एक गोष्ट केली, माझ्या डिझेलच्या हिशोबाच्या वहीच्या मागल्या पानावर आठवडाभर मी मुलीला जे जे बोललो ते तारखेसकट लिहून ठेवलं. स्वतःचं एक वाक्य त्यात घातलं नाही, तुम्ही असे तुम्ही तसे काही नाही. रविवारी वही पुढे ठेवली आणि म्हणाली, वाचा मोठ्याने. चौथ्या ओळीला माझा आवाज बंद झाला. रागात आपण काय बोलतो ते आपल्याला आठवतच नाही हो, मला खरंच वाटायचं मी थोडंफार ओरडतो.

मग आम्ही एक शब्द ठरवला, नांगर. माझा आवाज चढला की तिने फक्त "नांगर" म्हणायचं आणि मी असेन तिथून उठून विहिरीवर जायचं, दोन कळशा काढायच्या, तोंड धुवायचं, मगच घरात. पहिल्या महिन्यात त्या शब्दाचाच राग यायचा. पण हा शब्द मी शांत असताना मीच ठरवलेला होता त्यामुळे जावं लागायचं. दुसरं, बंदरावरून आलो की आधी जेवण, मग घरातली गाऱ्हाणी, उपाशी माणसाला विचारायचं नाही. हे छोटं वाटेल पण निम्मं भांडण त्यानेच गेलं.

आणि माफी. मुलीसमोर खाली बसून म्हणायचं की माझं चुकलं, आणि पुढे "पण" लावायचा नाही. "चुकलं पण तू ऐकत नव्हतीस" म्हटलं की ती माफी नाही. मला हे सगळ्यात जड गेलं कारण माझ्या बापाने मला कधी असं म्हटलेलं मी ऐकलंच नव्हतं, कसं म्हणतात तेच माहीत नव्हतं.

अजून चुकतो. आता जून-जुलैत मासेमारी बंद, बोट वर ओढलेली, उत्पन्न शून्य आणि मी दिवसभर घरात, हे दोन महिने आम्हाला अवघड जातात. मुलगी आता अकरा वर्षांची आहे, ती पण "नांगर" म्हणते.

ताई, तुमच्या मिस्टरांना माझ्याशी बोलायचं असेल तर इथे मेसेज करायला सांगा. पुरुषाला पुरुषाशी बोलायला कमी लाज वाटते.

रेवदंड्याची (आता पुण्यात)

मी फक्त मुलाच्या बाजूने सांगते. माझे वडील असेच होते, कधी मारलं नाही. आज मी 34 वर्षांची आहे, चांगली नोकरी आहे, आणि ऑफिसमध्ये कोणी मोठ्या आवाजात बोललं की माझे हात गार पडतात, फाईल कुठे ठेवू ते सुचत नाही. तुमच्या बाबूच्या हातातला आंबा मला कळला.

वडिलांचे शब्द मला आता टोचत नाहीत, ते गेले, मी माफ केलं. टोचतं ते हे की आई स्वयंपाकघरात पाठ करून भाकऱ्या थापत राहायची. तिचा नाइलाज होता हे आज कळतं. तेव्हा मला वाटायचं की तिलाही ते पटतंय. तुम्ही पाठ करू नका एवढंच.

कलमाखालची (देवगड)

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, सीझन आवरता आवरता आणि मग पाऊस. सगळ्यांचे रिप्लाय मी चार-चार वेळा वाचले. रेवदंड्याच्या ताईंचा वाचून बाबूला झोपेतच जवळ घेऊन बसले होते.

हर्णैकर दादा, तुमच्या बायकोची वही मी केली. पेट्यांच्या हिशोबाच्या वहीत, मागल्या पानावर, सहा दिवस. सातव्या रात्री पुढे ठेवली. त्याने दोन ओळी वाचल्या आणि वही भिरकावली, "हिशोब ठेवतंस माझो?" म्हणून उठून गेला. मला वाटलं संपलं, आता अबोला. दोन दिवस खरंच अबोला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे मी चूल पेटवत होते तर तो शेजारी येऊन बसला आणि आपणहून बोलला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, "माझ्या बापाशीन माका नावान हाक मारल्यान नाय कधी. गाढवा हीच हाक. शाळेत मास्तरांनी नाव घेतला तर माका कळायचा नाय कोणाक बोलवतत." मग बराच वेळ गप्प. मी पण काही बोलले नाही, चहा दिला. ती वही त्याने रात्री उठून पूर्ण वाचली होती, पान दुमडलेलं होतं.

अंगणवाडीताई, मास्तरांचा प्रश्न विचारला. उत्तर दिलं नाही पण तोंडावरून कळलं.

मग शेवटचा आंबा उतरवला, तो कॅनिंगला जाणारा, किलोवर. खळ्यात क्रेट भरताना बाबू लांब पायरीवर बसून होता, जवळ येईना. नवऱ्याने त्याला हाक मारली, नावाने. तो आला, पण हात मागे बांधून. मग ह्याने त्याच्या हातात एक आंबा दिला आणि विचारलं, "हो मोठो की बारको?" बाबूने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला मोठो. "मगे ठेव मोठ्यात." असं करत दोघांनी दोन क्रेट भरले. कॅनिंगच्या आंब्याला मोठा बारका बघायचा नसतोच, किलोवरच जातो, पण त्याने बसून केलं.

सगळं ठीक झालं असं नाही हां. पाच दिवसांनी बाबूच्या हातून मोबाईल बादलीत पडला आणि परत सुरू झालं, "जन्माक" एवढं बोलला आणि मी नांगरच म्हटलं, आम्ही काही वेगळा शब्द ठरवला नव्हता. थांबला. पडवीत जाऊन पावळीखाली उभा राहिला, चांगला भिजला. आत येऊन ओल्या कपड्यातच बाबूसमोर उकिडवा बसला, "बाबू, माझा चुकला." बाबूने विचारलं, "परत बोलतलंस?" मला वाटलं आता हा नाही म्हणून टाकेल. तो म्हणाला, "नाय बोलूचो प्रयत्न करतंय." मला ते खरं वाटलं.

बाबूला डॉक्टरांना दाखवलं, लघवी तपासली, इन्फेक्शन नाही. अंथरूण आठवड्यात दोन-तीनदा ओलं होतंच आहे, आम्ही काही बोलत नाही. 14416 ला मी फोन केला, चांगलं बोलल्या त्या बाई, नवरा शेजारी बसून ऐकत होता पण फोन घेतला नाही. अजून तयार नाही तो. मी मागे लागत नाहीये, पण त्याला सांगून ठेवलंय की परत कुत्र्याची बरोबरी केलीस तर मी आणि बाबू त्या दिवशी माहेरी जाणार, भांडण न करता, आणि तू ओरोसला जाऊन आल्याशिवाय परत येणार नाही. हे मी शांतपणे सांगितलं आणि मला तसं करायचंच आहे.

एकच अडलंय. सासूबाई. अंथरुणावरून त्याला "मुतऱ्या" म्हणतात, वर म्हणतात बापाशीक बायलेन गप केल्यान. मी सून, मी किती बोलणार?

अंगणवाडीताई (राजापूर)

ते मिस्टरांना बोलू दे. तुम्ही बोललात तर सासूसुनेचं होईल. आईला मुलानेच सांगायचं, आणि तिला रागाने नाही, कारण तिच्या घरातही कोणीतरी तिला तसंच बोललेलं असणार. तोपर्यंत चादर तुम्ही सकाळी त्या उठायच्या आत बदला. बाबूला सांगा की हे आपल्या दोघांचं काम आहे, उशीचा अभ्रा त्याला काढू दे.

हर्णैकर

मिस्टरांचा मेसेज आला काल रात्री. बोललो आम्ही तासभर, निम्मा वेळ आंब्यावर आणि मासळीवरच गेला. आईचं मी त्यांना सांगतो, माझ्या आईला मी कसं सांगितलं ते. शनिवारी परत फोन ठरलाय.